चमिणी, मरिची आणि ‘नीश यूज केस’

चमिणी. मरिची. दविस.

टायपिंगच्या चुका नाहीत या. पहिलीच्या पोरांना वाचायला शिकवणाऱ्या माझ्या गेममधले शब्द आहेत. वर चिमणी आहे, मी स्वतः काढलेली, टॅप केलं की पंख झटकते, चिवचिव करते, सगळं झकास. आणि तिच्या पायाशी, अर्धा पडदा भरेल एवढ्या अक्षरांत: चमिणी.

काल नांदेडचे मालक परभणीत आले होते. शाळांना टॅब पुरवतात. टॅब हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला आणि मला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले, “सर, तुमचं मराठी मीडियम नव्हतं का?”

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलोय मी! वेलांटी चुकली की गुरुजी फूटपट्टी उभी धरून मारायचे. अजून कुणाच्या लग्नपत्रिकेत ‘आशिर्वाद’ दिसलं तर मी जेवायला न बसता निघून येतो. आणि मला मीडियम विचारतात.

बरं, हा अपमान मी गिळला असता. न गिळता येणारा पुढंच आहे. घरी आलो तर लाईट नाही. मोबाईलचं हॉटस्पॉट लावून लॅपटॉप उघडला, तर मेल आलेला: तुमचा इश्यू बंद करण्यात आला आहे. इश्यू म्हणजे, ज्या इंजिनावर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, हा गेम केलाय त्याच्या कर्त्याकडं मी नोंदवलेली तक्रार. काय नव्हतं दिलं मी त्या इश्यूत? स्क्रीनशॉट होते, लाल बाण होते, छोटा प्रोजेक्ट झिप करून जोडला होता. कोणतं व्हर्जन, कोणता फोन, कोणता फॉन्ट, सगळं. ‘प्लीज’ आणि ‘काइंडली’ तर इतक्या वेळा लिहिलं होतं की तहसील कार्यालयातल्या अर्जातसुद्धा मी एवढा वाकत नाही. त्यावर साहेबांचं उत्तर पूर्ण देतो, कारण ते एवढंच आहे: ‘नीश यूज केस. पीआर वेलकम.’ म्हणजे, ही मोजक्याच लोकांची गरज, हवं तर कोड तुम्हीच दुरुस्त करून पाठवा. खाली अंगठा. स्वतःच्याच उत्तराला स्वतःच अंगठा दिलाय बेट्यानं.

नीश.

२०११च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. हिंदी ५२ कोटींच्या वर. नेपाळ वेगळं, कोकणी वेगळी, संस्कृत तर राहूच द्या. सगळ्यांची लिपी तीच, देवनागरी. त्या साहेबाच्या देशाची लोकसंख्या मी रात्री अकराला शोधून काढली. आमच्या मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपेक्षा कमी आहे! आणि नीश कोण, तर आम्ही.

युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात जगभरच्या लिप्या साठवायच्या ठरलेल्या पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे. नवीन काही मागितलं नव्हतं. साठवलेली अक्षरं पडद्यावर नीट जुळवून मांडणारी, म्हणजे ‘शेपिंग’ करणारी, हार्फबझ नावाची लायब्ररी, तयार कोड, फुकट मिळते, मोकळ्या लायसन्सची आहे, क्रोममध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, अँड्रॉइडमध्ये आहे. म्हणजे ज्या ब्राउझरात बसून हा माणूस मला ‘नीश’ म्हणाला, त्याच ब्राउझरात माझी चिमणी व्यवस्थित चिमणी दिसत होती. त्याच्या इंजिनात मात्र च, वेलांटी, म, हे ज्या क्रमानं साठवलंय त्याच क्रमानं ओळीत उभं करतात. वेलांटी बिचारी च सोडून म च्या गळ्यात. मित्र, पुस्तक, सूर्य यांचं काय होतं ते लिहीत नाही. लहान पोरं बघतात.

आणि ‘पीआर वेलकम’ हे जे आहे ना, यासारखं डोक्यात जाणारं वाक्य संगणकाच्या धंद्यात दुसरं नाही. म्हणजे काय, मी दिवसभर पोट भरायचं काम करायचं, रात्री तुमचं सी प्लस प्लस शिकायचं, तुमचा फॉन्टचा कोड उचकायचा, तुम्हाला करून द्यायचं, मग तुम्ही तीन महिन्यांनी सांगणार की ओळींच्या सुरुवातीला टॅब नको, स्पेस हवेत. वेलकम म्हणे. चहा तरी विचारा.

आता सगळे म्हणणार, मग गेलास कशाला त्या आडवाटेच्या इंजिनाकडं. विचारा. सगळेच विचारतात.

१२ सप्टेंबर २०२३ आठवतोय का? मी आधी ज्यावर होतो त्या मोठ्या इंजिनाच्या कंपनीनं, युनिटीनं, जाहीर केलं की १ जानेवारीपासून इन्स्टॉलमागं पैसे, २० सेंटपर्यंत. विक्रीमागं नाही, इन्स्टॉलमागं! जगभरचे गेमवाले पेटले, दहा दिवसांत अटी सैल झाल्या, ऑक्टोबरात तिथले सीईओ पायउतार झाले, आणि बरोबर वर्षानं, सप्टेंबर २०२४ मध्ये, नवीन साहेबांनी ती फीच रद्द केली. तोवर मी घर बदलून, सामान लावून, नवीन दूधवाला ठरवून मोकळा झालो होतो.

माझा मावसभाऊ सीए आहे. त्यानं तेव्हा शांतपणे ती अट मला वाचून दाखवली होती: वर्षाला दोन लाख डॉलर कमाई आणि दोन लाख इन्स्टॉल, हे दोन्ही झाल्याशिवाय फी नाही. मग माझ्या बैलगाडी शर्यतीच्या गेमकडं बघितलं. इन्स्टॉल म्हणजे तो स्वतः, त्याचे मित्र, माझे जुने वर्गमित्र आणि ब्राझीलचा कुणीतरी एक, जो कसा आला ते देवाला ठाऊक. कमाई विचारू नका, जाहिरातींचे पैसे काढायची किमान रक्कम अजून व्हायची आहे. “तुला फी लागायला,” मावसभाऊ म्हणाला, “परभणी जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या बैलांना मोबाईल घेऊन द्यावे लागतील.”

तत्त्व म्हणून काही असतं की नाही? दोन लाख डॉलर झाल्यावर फी लागली असती तर तेव्हा कुठं पळणार होतो? आमच्याकडं म्हणतातच, बनी तो बनी, नहीं तो परभनी. आधी ठरलेला सौदा मागून बदलणाऱ्याच्या दारात मी उभा राहत नाही, सौदा दोन रुपयांचा असला तरी.

“मग गोडो घ्यायचं ना.” आलं. मला वाटलंच होतं. हे वाक्य बोलणाऱ्यांना एकदा ओळीत उभं करून मे महिन्यात दुपारी दोन वाजता स्टेशन रोडवर चालवत नेलं पाहिजे. मला माहीत आहे गोडो हे इंजिन २०१४ पासून मुक्तस्रोत आहे. मला माहीत आहे ते अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलं, एमआयटी लायसन्स आहे, उद्या कुणी सीईओ उठून इन्स्टॉलमागं पैसे मागू शकत नाही. आणि हो, २०२३च्या मार्चात चौथी आवृत्ती आली तेव्हापासून त्यात हार्फबझ आहे आणि जोडाक्षरं मोत्यासारखी येतात, हेही माहीत आहे. पुण्याचा एक मित्र मला दर आठवड्याला ‘ज्ञानेश्वर’ लिहिलेला स्क्रीनशॉट पाठवतो. खाली काही लिहीत नाही. नुसता स्क्रीनशॉट. त्याला ब्लॉक करणार होतो, पण त्याच्याकडं माझा ग्राफिक्स टॅबलेट आहे.

सगळी वरात एका दिशेनं निघाली की मला तिकडं जाववत नाही, हा माझा स्वभाव. शिवाय हे बारकं इंजिन माझ्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर चहाचा घोट घेईपर्यंत उघडतं, आणि गेमची एपीके, म्हणजे फोनवर इन्स्टॉल करायची फाईल, एवढीशी होते की जिंतूरच्या शाळेतल्या मॅडमना सरळ व्हॉट्सॲपवर पाठवता येते. हे कुणी बोलत नाही. सगळ्यांना वेलांटीच दिसते.

नाही म्हणायला भाषा पण नवीन शिकलो त्यापायी. सी शार्प सोडून लुआ. ब्राझीलची आहे, १९९३ची, तिथल्या विद्यापीठातली, चांगल्या घरची म्हणतात. याद्या शून्यापासून नाही, एकपासून मोजते. ठीक, आम्हीही एकपासूनच मोजतो. पण नाव चुकून वेगळं लिहिलं तर ओरडत नाही, हे काय वळण आहे? ‘स्कोअर’च्या स्पेलिंगमधलं शेवटचं ‘ई’ राहिलं, तर गप्प बसून निल देते. नवऱ्याशी भांडण झालेल्या बाईसारखं “काही नाही” म्हणते, असं मी इथं लिहिलं होतं, ते बायकोनं मागून वाचलं, म्हणून खोडतोय. पण निल देते हे खरं आहे. सगळी पोरं शून्य मार्कांवर अडकली होती आणि मी आवाजाच्या फायली तपासत बसलो होतो.

यूट्यूबवर शिकायला जावं तर त्या इंजिनाचे व्हिडिओ मोजके. त्यातला बरा जो आहे तो जुन्या आवृत्तीचा, आणि त्यात त्या पोराचा पंखा एवढा मोठ्यानं वाजतो की महत्त्वाचा शब्द नेमका पंख्यात जातो. मॅन्युअलात ‘टेक्स्ट’चं पान उघडलं की खाली ‘लवकरच’. डिस्कॉर्डवरच्या त्यांच्या ग्रुपात विचारलं तर पहिलं उत्तर, “मॅन्युअल वाचलं का?”

तर काल रात्री. लाईट आली आणि मी इरेला पेटलो. म्हटलं, नको तुमचं हार्फबझ, मीच करतो. फंक्शन लिहिलं: वेलांटी दिसली की एक घर मागं सरकव. चिमणी सुधारली! मिरची सुधारली! दिवस, हिरवा, किती, सगळे शहाणे झाले. एकटाच टाळ्या वाजवल्या. मग ‘स्थिर’ आला. वेलांटीला थ ओलांडून, पायमोड ओलांडून, स च्याही मागं जायचंय. तेही केलं. मग ‘सूर्य’, आधीचा र उचलून रफार करून पुढच्याच्या डोक्यावर. मग ‘दऱ्या’, त्यातला र वेगळा, तो डोक्यावर जात नाही, अर्धा होऊन आडवा होतो. मग क्ष, ज्ञ, श्र, त्र, द्ध, ह्म. पहाटे तीनला लक्षात आलं की मी हार्फबझच लिहायला बसलोय, ते पण लुआमध्ये, ते पण निल देणाऱ्या.

सकाळी डोळे लाल घेऊन आमच्या प्रेसवाल्या काकांकडं गेलो. लग्नपत्रिका, वास्तुशांती, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चे फ्लेक्स, चाळीस वर्षांचा धंदा. मला फक्त शब्दांची चित्रं करून हवी होती, प्रत्येक शब्दाचं एक. काकांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळत.

“कामून डोकं फोडून घ्यायलास?” म्हणाले. “वेलांटी आधी टाक की.”

“काका, युनिकोडमध्ये तसं चालत नाही.”

“मग युनिकोड कशाला पाहिजे तुला? कृतिदेव टाक.”

आणि त्यांनी त्यांच्या पिवळ्या पडलेल्या कीबोर्डवर, ज्याच्या अर्ध्या बटणांवरची अक्षरं केव्हाच उडालीत, टाईप केलं: एफ, पी, ई, टिंब, के, एच. पडद्यावर चिमणी. वेलांटी च च्या आधी, कारण ती आधीच टाईप केली. शेपिंग नाही, लायब्ररी नाही, पीआर नाही. संगणकाला वाटतंय इंग्रजी चाललंय, आणि फॉन्ट गपचूप मराठी दाखवतोय.

घरी येऊन इंजिनात तो फॉन्ट टाकला. चालला. पहिल्या झटक्यात चालला! सूर्य, मित्र, विद्यार्थी, सगळे रांगेत. २०११ पासून मी लोकांना युनिकोडवर व्याख्यानं देतोय. लग्नात, मयतीत, एसटीत. जुन्या फॉन्टमधली फाईल पाठवली म्हणून मी सख्ख्या चुलत्याशी भांडलोय. आणि आज माझ्या गेमच्या कोडमध्ये चिमणीच्या जागी ‘एफपीई टिंब केएच’ लिहिलंय, आणि ते बरोबर आहे. पुढं कुणी हा कोड उघडला तर त्याला वाटेल मांजर कीबोर्डवरून चालत गेलं.

वर त्यात ल आणि श हिंदी वळणाचे! शासनाचा २००९ चा जीआर सांगतो, पाकळीचा ल, देठाचा श. शाळेच्या गेममध्ये दंडाचा ल घालून मी कोणत्या तोंडानं फिरू? काका म्हणाले, “पोरं चिमणी बघत्यात, ल कोण बघतंय?” चिमणीत ल नाहीच म्हणा. पण ‘फूल’मध्ये आहे. ‘शाळा’त श आहे. आता दुसरा जुना फॉन्ट शोधायलोय, मराठी वळणाचा, आणि त्याच्यात वेलांटी एफवर असेल याची काही खात्री नाही.

दुपारी मालकांना नवीन एपीके पाठवली. लगेच फोन. “वा सर, आता कसं मराठी मीडियम वाटायलंय!” मी काही बोललो नाही. “आता एक छोटं काम. उर्दू शाळांची पण ऑर्डर आलीय, परभणी, नांदेड, सगळीकडची. तीच चिमणी, तसंच सगळं, फक्त खाली उर्दूत. ते उजवीकडून डावीकडं लिहितात ना, तेवढं बघून घ्या. आणि अक्षरं जोडलेली पाहिजेत हां, मागच्या वेळेसारखं सुटं सुटं नको.”

मी म्हणालो, निम्मे पैसे आधी पाठवा.