मीटर बदलताय? मग रीडिंगचं टेन्शन घेऊच नका

गाडीचं मीटर मरायला टेकलंय? काटे मधेच नाचतात, डिस्प्ले दुपारी गायब आणि संध्याकाळी परत हजर? छान. आता जुनं रीडिंग अजिबात लिहून ठेवू नका. मोबाइल खिशातच असला तरी फोटो काढू नका. डिस्प्ले पार काळा पडेपर्यंत थांबा, मीही तेच केलं, आणि मग सर्व्हिसची जुनी बिलं शोधत कपाट उपसत बसा.

मग सेकंड हँड मीटर घ्या. कनेक्टर बसला की जमलं. पेट्रोलचं की डिझेलचं असल्या चौकशा करायच्या नाहीत, आरपीएमचा काटा काहीही दाखवायला लागला तर तेवढीच करमणूक. काही गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणारं चोरीविरोधी कुलूप, मीटरमध्येच असतो, म्हणजे मीटर बदललं की गाडी स्वतःच्याच चावीला ओळख देत नाही, सुरू होते आणि दोन सेकंदांत बंद. ढकला. तब्येतीला बरं असतं.

बिलावर ‘मीटर बदलले’ असं चुकूनही लिहून घेऊ नका.

आणि मुख्य म्हणजे, खरं रीडिंग मागू नका. मी मागितलं. माझं शेवटचं बिल १,३८,२६० किलोमीटरचं, त्यानंतर दीडेक हजार तरी झाले असतील, आणि बसवलेलं मीटर दाखवतंय ५२,९१७. मेकॅनिक खूश, म्हणे साहेब, गाडी जवान झाली! म्हटलं दादा, खरा आकडा टाकून द्या. म्हणाला, कमी करायचाय ना? म्हटलं नाही, वाढवायचाय. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची किडनी मागितलीय. ‘वाढवून कोण घेतं साहेब?’ आणि मग लगेच, ‘नाही होत, सॉफ्टवेअर लॉक असतं.’ अच्छा? लॉक? मग शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुणाचं तरी मीटर उघडून, आठ पायांच्या त्या एवढ्याशा चिपला चिमटा लावून तुमचा पोरगा लॅपटॉपवर काय पत्ते खेळत होता? आकडा त्याच चिपमध्ये असतो ना? आधी आतली फाइल वाचून कॉपी ठेवायची, आकडा बदलायचा, परत लिहायची. जुन्या मीटरांत तर कित्येकदा तीच चिप काढून नव्या बोर्डवर सोल्डर केली तरी काम होतं. कमी करताना होतं, वाढवताना मात्र लॉक! नव्या गाड्यांत आकडा इतर कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे गाडीतल्या बाकीच्या छोट्या कॉम्प्युटरांतही असतो, दोन्हीकडचे जुळले नाहीत की काही गाड्यांत रीडिंगशेजारी एक ठिपका पेटून राहतो, हे मला मान्य आहे, पण मग तसं सांगा ना, लॉक काय लॉक? कंपनीचं नवं मीटर घ्यायला गेलं तर ते बऱ्याचदा शून्यावर येतं आणि काहींत आकडा टाकायची संधी एकदाच, हे सांगणार कधी, तर बसवून झाल्यावर. आणि टाकता येतच नसेल तर नका टाकू! अमेरिकेच्या कायद्यात सरळ लिहिलंय, दुरुस्तीनंतर जुना आकडा ठेवता येत नसेल तर मीटर शून्यावर आणा आणि आधीचं रीडिंग नि तारीख लिहून डाव्या दाराच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवा. चिठ्ठी! तिला कुठलं सॉफ्टवेअर लागतं हो?

ऑइल वगैरे मीटर सांगेल तेव्हा बदला.

बास झाली मस्करी. ‘मी कुठे मीटर मागे केलं, ते आलंच तसं’ म्हणत खूश होणारे तुम्ही, तुम्हालाच सांगतोय. आलं तसं म्हणून विकणारही तसंच? घेणारा ५२ हजार बघून टायमिंग बेल्ट अजून बराच चालेल असं धरणार, तो बेल्ट आधीच दुप्पट पळालेला, धावत्या गाडीत तुटला की बऱ्याच इंजिनांत पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटणार आणि इंजिन उघडावं लागणार, तेही त्याच्या खर्चाने. लाज वाटू द्या जरा. आणि गॅरेजवाल्यांनो, आकडा कमी करायला तुमचे हात शिवशिवतात, तेच हात वाढवताना लुळे कसे पडतात?

शेवटी मीच मार्करने चिठ्ठी लिहून दाराच्या चौकटीवर लावली. बदलताना मूळ रीडिंग अंदाजे १,४०,०००, बसवलेलं मीटर ५२,९१७, खाली तारीख. परवा मेकॅनिकने ती पाहिली आणि कळवळून म्हणाला, ‘साहेब, काढा ती, गाडीची किंमत पडेल.’

पडू दे की.