जुना टेप ड्राइव्ह आणि ‘30 वर्षांची’ हमी

जुन्या कॉम्प्युटरचा नाद असलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘चुंबकीय टेपवरचा डेटा 30 वर्षे टिकतो. जुन्या 386-486 पीसींसाठी भंगारातून टेप ड्राइव्ह आणा, सीलबंद टेप घ्या, ती आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, बॅकअप घ्या आणि निर्धास्त व्हा. मोठ्या कंपन्याही टेपच वापरतात.’

शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणून आधी तेच घेऊ. फेब्रुवारी 2011 मध्ये जीमेलची काही खाती रिकामी झाली, तेव्हा गूगलने ती टेपवरूनच परत आणली. पण मोठ्या कंपन्यांकडचे ड्राइव्ह बाजारात नवे मिळतात, आणि पिढी बदलली की डेटा नव्या टेपवर उतरवावाच लागतो. एलटीओ ही मोठ्या कंपन्यांमधली आजची टेपची जात. तिच्या आठव्या पिढीचा, म्हणजे एलटीओ-8 चा ड्राइव्ह एलटीओ-6 ची टेप वाचतसुद्धा नाही.

‘30 वर्षे’ हा आकडाही एलटीओच्याच घरातला. ठरलेल्या तापमानात, ठरलेल्या आर्द्रतेत ठेवलेल्या टेपचा. ड्राइव्हचा तर नाहीच. मोंढ्यातल्या अडत दुकानात, पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्याचे 42 अंश आणि मग पावसाळ्याची ओल खाल्लेल्या टेपला तो कसा लावणार?

386 ला जोडले जायचे ते ड्राइव्ह बहुतेक क्यूआयसी जातीचे. ही पाव इंची टेप थ्रीएम कंपनीने 1972 मध्ये आणली. तिच्या कार्ट्रिजमध्ये एक बारीक ताणलेला बेल्ट असतो. तो टेपच्या गुंडाळ्यांना बाहेरून घासत दोन्ही चकत्या फिरवतो. खरी दुखरी जागा हीच. बेल्टचा ताण वर्षानुवर्षे एकाच जागी राहतो, तो सैल पडतो किंवा टेपला चिकटतो. सील न फोडल्याने हे थांबत नाही. सीलबंद म्हणजे न वापरलेली, ताजी नव्हे.

म्हणूनच ‘आधी पुढे-मागे फिरवा’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. त्या काळी तो बरोबर होता. टेपचा ताण सारखा व्हावा म्हणून उत्पादकच तसं सांगत. आज जुना बेल्ट पहिल्याच वेगवान फेरीत तुटू शकतो, आणि चिकटलेला असेल तर टेपवरचा चुंबकीय थर ओरबाडून नेतो. शिवाय या कार्ट्रिजमध्ये टेपचं टोक चकतीला बांधलेलंच नसतं. टेप संपत आली हे ड्राइव्हला टेपमधल्या भोकांतून येणाऱ्या उजेडावरून कळतं. तो सेन्सर धुळीने आंधळा झाला की टेप सरळ चकतीवरून सुटून बाहेर. आपल्याकडच्या धुळीबद्दल वेगळं सांगायला नको.

‘मोटर फिरली, लाइट लागला, म्हणजे ड्राइव्ह चालू’ असंही त्या मेसेजमध्ये पुढे कोणीतरी जोडलंय. मोटरच्या टोकाला रबरी रोलर असतो आणि बऱ्याच जुन्या ड्राइव्हमध्ये त्याचं रबर विरघळून गुळाच्या पाकासारखं झालेलं असतं. तो पाक कार्ट्रिजमध्ये गेला की टेपही गेली. टेप लिहिणारं-वाचणारं हेड किंचित सरकलेलं असेल तर आणखी पंचाईत: तो ड्राइव्ह स्वतः लिहिलेलं स्वतः नीट वाचतो, दुसरा वाचत नाही. तेव्हा ‘व्हेरिफाय झालं’, म्हणजे त्याच ड्राइव्हने लिहिलेलं पुन्हा वाचून तपासलं, यावर फार विसंबू नका.

क्षमतेचंही ऐकून घ्या. कोलोराडो जंबो 250 या त्या काळच्या ड्राइव्हमधले 250 एमबी कॉम्प्रेशन धरून, एरवी 120.

नवा बॅकअप हवा असेल तर टेपच्या वाटेला जाऊच नका. 386 च्या हार्डडिस्कची पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) काढून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. अख्खी डिस्क आजच्या पेन ड्राइव्हच्या एका कोपऱ्यात मावते.

जुन्या टेपवर कोणाचे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममधले हिशेब अडकले असतील, तर गोष्ट वेगळी. तिथे ड्राइव्ह लागणारच. मग आधी रोलर बदला, सेन्सर पुसा, बिनकामाच्या टेपवर चाचणी घ्या. मोलाच्या टेपचा बेल्ट शंकास्पद असेल तर तो बदलूनच टेप घाला. पहिल्याच फेरीत जे येईल ते सगळं जसंच्या तसं डिस्कवर उतरवा. कुठली फाइल हवी ते नंतर शोधता येईल. आणि त्यातला मराठी मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएम या युनिकोडआधीच्या मराठी टायपिंग सॉफ्टवेअरमधला निघाला, तर त्या फॉन्टची सोय आधीच करून ठेवा, नाहीतर टेप वाचूनही पडद्यावर नुसती चिन्हंच दिसतील.