इंद्र, यम, राजा आणि आमचा जिना

सध्या मी स्वतःच्याच घरात धापा टाकत वर जातो. याला शेजारचे नाना जबाबदार आहेत.

वाईच्या घरातला जुना जिना म्हणजे नुसती शिडी. धरायला दोर, वर डोक्याला लागणारी झडप. उतरताना पाहुणे देवाचं नाव घ्यायचे. शेवटी नवा सागवानी करायचं ठरलं. वखारवाला म्हणाला, "बल्लारशाचा माल आहे साहेब. २०२३ साली अयोध्येला दारांसाठी गेला तोच साग." दरही त्याने देवस्थानाला शोभेल असाच सांगितला.

उंची साडेनऊ फूट. मिस्त्रीने हिशेब मांडला: सोळा चढ, प्रत्येकी सात इंच एक सूत. चोख!

तेवढ्यात नाना आले.

"किती पायऱ्या?"

"सोळा."

"सम?" नानांनी खुर्ची मागवली. "घराला विषम लागतात रे!"

"मग सतरा करू," मिस्त्री म्हणाला.

नाना बोटं मोजू लागले, पायरीगणिक एक नाव. "इंद्र, यम, राजा... इंद्र, यम, राजा..." हाताची संपली, तशी त्यांनी चप्पल काढून पायाची घेतली. सतराव्या बोटावर थबकले. "यम!"

बायकोने पदर तोंडाला लावला.

"पंधरा कर. पंधराला राजा येतो."

"नाना, पंधरात पायरी साडेसात इंचांच्या वर जाते. गुडघे..."

"मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. माझी कधी तक्रार ऐकलीस?"

"तुम्ही तळमजल्यावर राहता!"

"साहेब," मिस्त्री मध्येच म्हणाला, "जरा चहाचं बघता का?"

यम टळला, साडेसाती लागली.

नाना बांधकाम खात्यात होते हे खरं. पण कारकून. जन्मात त्यांनी बांधली ती फायलींची दप्तरं. तरी मिस्त्री त्यांचं ऐकतो, पैसे माझे घेतो. आपल्याकडे घरमालक म्हणजे चहावाला आणि चेकवाला, मत असलेला माणूस नव्हे.

जुन्या जिन्याच्या फळ्या "वाळवी लागलीय, जाळायला नेतो" म्हणून मिस्त्रीने उचलल्या. जुन्या सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. नानांच्या ओटीवरच्या नव्या झोपाळ्याला तर अजिबात लागलेली नाही. फळीच्या कडेला आमच्या दोराचं भोकसुद्धा जसंच्या तसं आहे.

बिलात 'जादा पॉलिश, एक फळी' अशी एक ओळ आहे. बायको म्हणते, म्हाताऱ्या माणसाशी कशाला वाद घालायचा, देऊन टाका.