‘तुमचं निदानच चुकलंय’: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा चिडलो, खोटं कशाला बोलू. दुसऱ्यांदा वाचताना त्यातली एक ओळ डोळ्यांत भरली आणि सगळा उलगडा झाला. त्या ओळीकडे येतोच, पण आधी बाकीचा हिशेब.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी: काकांच्या कोथरूडच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट झालं, गेटवर कॅमेऱ्याचा इंटरकॉम आला. तो लॅपटॉपवर घ्यावा म्हणून त्यांनी माझ्या लेखात होतं ते कॉलिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. वॉचमनचा आवाज येतो, चित्र येत नाही, आणि ‘एच.२६४ कोडेक इन्स्टॉल होऊ शकला नाही’ असा निरोप येतो. (कोडेक म्हणजे आवाज किंवा चित्र आवळून पाठवायची आणि पलीकडे परत उलगडायची पद्धत; एच.२६४ ही चित्राची.) माझं ऐकून फायरवॉलही, म्हणजे नेटवरून येणाऱ्या-जाणाऱ्यावरचा पहारा, बंद केली, दोन तास गेले. त्यावर त्यांचा मुद्दा असा की, ‘त्याच सॉफ्टवेअरवर मुलाशी बोलताना चित्र स्वच्छ दिसतं. म्हणजे कोडेक आहेच. तुमचं निदानच चुकलंय. एखादा कोडेक पॅक टाका म्हणाला असतात तर भागलं असतं.’

फायरवॉलच्या बाबतीत चूक माझी, शंभर टक्के. ‘बंद करून बघा’ लिहिलं आणि ‘परत चालू करा’ लिहायचं राहिलं. लेखातून ते वाक्यच काढून टाकलंय. तुमची अजून बंद असेल तर आधी चालू करा, मग पुढचं वाचा.

निदान मात्र चुकलेलं नाही: तुमच्याकडे एच.२६४ उतरलेलाच नाही. कोडेक एकच नसतो. कॉल लागताना दोन्ही बाजू आपल्याला कोणकोणते कोडेक येतात ते एकमेकांना सांगतात आणि दोघांना येणारा एक ठरतो. मुलाकडेही हेच सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे तुमचं व्हीपी८ नावाच्या दुसऱ्या कोडेकवर जमतं. तो गूगलने २०१० साली सगळ्यांसाठी खुला केला, म्हणून सॉफ्टवेअरवाले तो आतच घालून देतात. गेटवरच्या पेटीला तो येत नाही. अशा बहुतेक पेट्या फक्त एच.२६४ बोलतात. आवाजाचं काय, जी.७११ हा १९७२ सालचा कोडेक जवळजवळ प्रत्येक उपकरणाला येतो, म्हणून वॉचमन ऐकू येतो.

मग एच.२६४ पण आतच का नाही दिला? तुम्ही ‘आळस’ म्हणालात. आळस नाही, पेटंट. त्याच्यावर अनेक कंपन्यांची पेटंटं आहेत आणि वाटलेल्या प्रतींमागे रॉयल्टी द्यावी लागते. छोट्या, फुकट सॉफ्टवेअरला हे परवडत नाही. २०१३ साली सिस्को या नेटवर्किंगची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीने यातून वाट काढली. त्यांनी ओपनएच२६४ नावाने स्वतःचा कोडेक खुला केला आणि तयार फाइलची रॉयल्टी आपण भरू म्हणाले. अट एकच: ती फाइल वापरणाऱ्याच्या मशीनवर वेगळी, सिस्कोकडूनच उतरली पाहिजे. आधीच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिसळून दिली तर ती सवलत लागू होत नाही. फायरफॉक्स ब्राउझरसुद्धा ती अशीच मागाहून उतरवतो. तेव्हा तुमच्याकडे जे फसलं ते एवढंच: एक फाइल उतरवायची, उलगडायची आणि ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची.

कोडेक पॅकचं थोडक्यात सांगतो. तो सिनेमे बघायच्या प्लेयरसाठी असतो. कॉलिंगवालं सॉफ्टवेअर तिकडे ढुंकूनही बघत नाही, ते स्वतःच्या फोल्डरमध्ये शोधतं. डबा शेजारी पोचला की आपण उपाशीच. टाकला असेल तर काढून टाका, त्याबरोबर नको त्या गोष्टीही येतात.

आता ती ओळ. तुम्ही टोमणा म्हणून लिहिलंत, ‘लॉगमध्ये फोल्डरच्या नावाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं दिसतात, तुमचा लेख वाचून माझ्या चेहऱ्यावर होती तशीच.’ (लॉग म्हणजे सॉफ्टवेअरने काय केलं, कुठे अडलं याची त्याची स्वतःची नोंदवही.) हसलो, आणि सासऱ्यांचा लॅपटॉप आठवला. तो मीच लावून दिला होता आणि हौसेनं अकाउंटला मराठीत ‘नाना’ नाव दिलं होतं. विंडोज त्याच नावाचं फोल्डर करतं आणि कोडेक तिथेच आत कुठेतरी जाऊन बसतो. सॉफ्टवेअरचा तो भाग जुन्या पद्धतीने लिहिलेला असेल तर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह त्याला ‘?’ दिसतं. फोल्डर सापडत नाही, फाइल ठेवता येत नाही. ‘नाना’ची चार प्रश्नचिन्हं झाली होती: न, काना, न, काना. मी मात्र एक अख्खा गुरुवार राउटर उलटापालटा करत बसलो होतो, त्यात मध्ये लाइट गेली ती वेगळीच.

तेव्हा असं करा. सेटिंग्जमध्ये नुसतं नाव बदलून उपयोग नाही, फोल्डरचं नाव जुनंच राहतं. रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, नवीन लोकल अकाउंट (ईमेलशी न जोडलेलं, फक्त त्या लॅपटॉपपुरतं) बनवा. त्यात शिरून सॉफ्टवेअर उघडा आणि कोडेक उतरवू का विचारेल तेव्हा हो म्हणा. मग व्हिडिओच्या सेटिंगमध्ये एच.२६४ दिसतोय आणि त्यावर खूण आहे एवढं बघा. जुनं अकाउंट लगेच उडवू नका, फोटो त्यातच असतील.

तरीही अडलं तर फाइल हाताने ठेवता येते, पण तिथे ३२ बिट की ६४ बिट हे जुळवावं लागतं आणि फाइलचं नाव सॉफ्टवेअरला हवं तसंच लागतं. ते फोनवर बोलत बोलत करू.

आणि एक विचारतो. घरी तुम्हाला अण्णा म्हणतात का? अ, ण, हलन्त, ण, काना. बरोबर पाच भरतात.