विसाव्या मजल्याचं पाणी खालचा बेंड फोडत नाही

सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: उंच इमारतीत सांडपाणी सुसाट खाली येऊन तळाचा बेंड, म्हणजे पाइपचं वळण, फोडतं, म्हणून दर पाच मजल्यांवर पाइपला वळसा द्या, पाइप भरून वाहतो, व्हेंट (पाइपचं गच्चीवरचं उघडं तोंड) फक्त वास घालवायला असतो. हे वाचून लोक गच्चीवर चढून नको ते करतात, म्हणून लिहितोय.

आधी वेगाचं. हवेचा विरोध सोडला तर ६० मीटरवरून सुटलेला दगड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पोचेल. मेसेजमध्ये तोच हिशोब पाण्याला लावलाय. पण पाणी पाइपच्या मधून पडतच नाही. ते भिंतीला धरून उतरतं आणि मध्ये हवेची पोकळी राहते. १०० मिलिमीटरच्या पाइपचा पाव भाग पाण्याने व्यापला, तरी हा थर जेमतेम ७ मिलिमीटर जाड असतो. भिंतीचं घर्षण पाण्याच्या वजनाला तोलून धरू लागलं की वेग वाढायचा थांबतो. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या वायली आणि ईटन यांनी १९६१ साली हे सविस्तर मांडलं. मजल्या-दीड मजल्यातच वेग सेकंदाला ३ ते ५ मीटरवर स्थिरावतो. पुढे पाच मजले असोत की पन्नास.

मग वळसे कशाला? प्रत्येक वळणावर पाणी आदळून फुगतं, हवेची वाट अडते आणि मैला अडकायला जागा होते. तळाशी तर हे टळतच नाही. तिथे पाणी एकदम मंदावतं, पाइप भरतो, मागची हवा कोंडते आणि तळमजल्याच्या कमोडमध्ये बुडबुडे येतात. त्यावर उपाय म्हणजे ४५ अंशांचे दोन बेंड आणि तळमजल्याची लाइन वेगळी काढून थेट चेंबरला जोडणं. बेंडला भक्कम आधार हवा, एवढं मात्र मेसेजवाल्यांचं मान्य.

उभा पाइप भरून वाहावा अशी रचनाच नसते. पाव ते एक तृतीयांश, बस्स.

सगळ्यात घातक दावा व्हेंटचा. उतरणारं पाणी सोबत हवा ओढून नेतं. ती वरून मिळाली नाही, तर ट्रॅपमधलं, म्हणजे गटाराचा वास अडवायला पाइपच्या वाकात साठवलेलं पाणीच शोषलं जातं. आमच्या इमारतीत कुणीतरी कबुतरांच्या त्रासाला कंटाळून व्हेंटच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधली. वर कुणी फ्लश केला की आमचा नहाणी ट्रॅप गुडगुडायचा. टॉर्च मारून पाहिलं, तर जाळीखालचं पाणी खाली-वर हेलकावत होतं आणि दर खेपेला थोडं कमी होत होतं. दोन दिवसांत बाथरूममध्ये गटाराचा वास. पिशवी सोडून जाळीचा काउल (टोपण) बसवला, त्याच संध्याकाळी गुडगुड थांबली.