मिठाऐवजी खत टाकल्याने काँक्रीट वाचत नाही

"हिवाळ्यात काँक्रीटचे पापुद्रे निघतात ते केवळ मिठामुळे; बर्फावर मिठाऐवजी खत टाका, वरून चकचकीत सीलर (पाणी रोखणारे द्रव्य) मारा, अंगण कायमचे सुरक्षित राहील," असा सल्ला हल्ली सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातले मिठाचे म्हणणे अर्धे खरे आहे, बाकीचे घातक आहे.

मुळात नुकसान करते ते पाणी. गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, आणि काँक्रीटमधली छिद्रे जवळजवळ काठोकाठ भरलेली असतील तर त्या वाढीला जागाच उरत नाही; मग वरचा थर नाण्याएवढ्या खपल्यांनी सुटतो आणि खालची खडी उघडी पडते. मीठ निर्दोष नाही, कारण ते पृष्ठभाग ओला ठेवते आणि वितळण्या-गोठण्याची आवर्तने वाढवते. गंमत म्हणजे सर्वाधिक खपल्या दाट द्रावणाने नव्हे, तर सुमारे ३ टक्क्यांच्या पातळ द्रावणाने निघतात. तरीही मिसळतानाच ५ ते ७ टक्के सूक्ष्म हवेचे बुडबुडे राखलेले, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत असलेले आणि नीट क्युरिंग झालेले, म्हणजे ओले ठेवून पक्के होऊ दिलेले काँक्रीट हा मारा बराच सोसते. उलट, काँक्रीट ओतल्यावर त्यातून वर आलेले पाणी आटण्याआधीच थापी फिरवली असेल, तर तो पृष्ठभाग पहिल्या थंडीआधीच कच्चा झालेला असतो. त्याचा दोष मिठावर ढकलणे सोयीचे आहे, एवढेच.

खताचा उपाय तर रोगापेक्षा वाईट. अमोनियम नायट्रेट आणि अमोनियम सल्फेट सिमेंटवर थेट रासायनिक हल्ला करतात. युरिया तितका आक्रमक नाही, पण त्याने वितळलेले पाणीही पुन्हा गोठतेच. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात यातले काहीच न टाकता बर्फ ओढून काढावा आणि पाय घसरू नये म्हणून वाळू पसरावी.

चकचकीत सीलर वर पातळ पडदा धरतो, खालून येणारा ओलावा अडवतो आणि ओला झाला की निसरडा होतो. सिलेन किंवा सिलोक्सेन या सिलिकॉनयुक्त रसायनांचा आत मुरणारा सीलर पाणी रोखतो, वाफ मात्र बाहेर जाऊ देतो. तोही कायमचा नसतो. पेव्हर ब्लॉक खालची माती गोठून उचलले जात असतील, तर कोणताही सीलर कामाचा नाही. तिथे निचराच सुधारावा लागतो.

सीलर लावण्याची वेळ आली आहे का, हे कोरड्या पृष्ठभागावर चमचाभर पाणी ओतून कळते: ते मण्यांसारखे थांबले तर अजून अवकाश आहे, आणि काही मिनिटांत काळपट डाग पसरला तर थंडीआधीच ते काम उरकावे.