सेकंडहँड गाडी बघायला जाताना फोनची वायर सोबत न्या

हल्ली सेकंडहँड गाडी घेणारा जो तो आधी विचारतो, "अँड्रॉइड ऑटो आहे का?" अँड्रॉइड ऑटो म्हणजे फोनवरचा नकाशा, कॉल, गाणी गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय. विचारण्यात गैर काहीच नाही. मांडीवर फोन ठेवून, मान खाली घालून पुण्याच्या चांदणी चौकात आपला रॅम्प शोधणारी माणसं मी रोज बघते आणि दर वेळी धस्स होतं. त्यापेक्षा नजरेच्या टप्प्यात मोठ्या स्क्रीनवर नकाशा असलेला शंभर पटीने बरा. माझं भांडण आहे ते स्क्रीन बघून गाडी ठरवण्याशी.

माझ्या मावसभावापुढे अलीकडे एकाच किमतीच्या दोन गाड्या होत्या. एक 2018 ची, बेस मॉडेल, पण मालकाने बाहेरून मोठा झकास स्क्रीन बसवलेला. दुसरी 2020 ची, मधल्या व्हेरियंटची, साध्या ब्लूटूथ स्टिरिओची. त्याचा जीव पहिलीत अडकला होता. मी त्याला एवढंच सांगितलं, की एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019 पासून आणि ड्रायव्हरची एअरबॅग, सीटबेल्टचा बझर, रिव्हर्स सेन्सर जुलै 2019 पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या कितीतरी बेस मॉडेलना यातलं काहीच नसायचं. स्क्रीन उद्या कुठल्याही अ‍ॅक्सेसरीवाल्याकडे बसवून मिळेल, एअरबॅग कोण बसवून देणार? त्याने दुसरी घेतली याचा मला मनापासून आनंद आहे.

स्क्रीन बाहेरून बसवायचाच तर कपलर टू कपलर, म्हणजे गाडीच्या मूळ प्लगलाच जोडून बसवून घ्या, वायर कापू देऊ नका. स्टिअरिंगवरची बटणं आणि रिव्हर्स कॅमेरा चालतोय का, ते दुकानातून निघायच्या आधी बघा. विकत घ्यायच्या गाडीत असा स्क्रीन आधीच असेल तर तो कसा बसवलाय, हे ओळखीच्या मेकॅनिककडून बघून घ्या. टेप गुंडाळलेले जोड दिसले तर ती गाडी मी तरी सोडून देईन.

कंपनीचाच स्क्रीन असेल तर विक्रेत्याच्या तोंडी "सगळं आहे"वर जाऊ नका. स्वतःचा फोन आणि स्वतःची चांगली डेटा केबल न्या. नुसतं चार्जिंग करणाऱ्या केबलवर अँड्रॉइड ऑटो येत नाही, आणि गाडीतल्या प्रत्येक यूएसबी पोर्टवरही येत नाही. फोन जोडला की नकाशा लावा, एक कॉल करा आणि पलीकडच्याला आवाज नीट येतोय का विचारा. घरात एकाकडे आयफोन आणि दुसऱ्याकडे अँड्रॉइड असेल तर दोन्ही लावून बघा. बलेनो 2015 मध्ये आली तेव्हा वरच्या व्हेरियंटला अ‍ॅपल कारप्ले (आयफोनसाठीची तशीच सोय) होतं, अँड्रॉइड ऑटो नंतर आलं. नाव तेच, गाडीही तीच, पण वर्षागणिक फरक पडतो. "वायरलेस नाही, पण डोंगल लावला की होईल" असंही ऐकवतात. तो डोंगल, म्हणजे गाडीच्या यूएसबीत खोचायची छोटी डबी, मूळ गाडीत वायरवर अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले चालत असेल तरच उपयोगी, एरवी नाही.

'कनेक्टेड कार' म्हणून जास्त पैसे मागितले तर मात्र सरळ नाही म्हणा. 2019 मध्ये व्हेन्यू, हेक्टर, सेल्टोस आल्या आणि गाडीतच सिम असण्याचं कौतुक सुरू झालं. फोनवरून एसी चालू करा, गाडी कुठे आहे ते बघा, वगैरे. पण ही सेवा ठरावीक वर्षंच फुकट असते. व्हेन्यूला ती तीन वर्षं होती. म्हणजे आज ती गाडी घेणाऱ्याला त्या सोयीसाठी पुन्हा पैसे भरावे लागणार. अँड्रॉइड ऑटोला असं काही नाही, तिथे फोनही आपला आणि इंटरनेटही आपलं.

मला सगळ्यात जास्त खुपते ती वेगळीच गोष्ट. जुन्या गाड्या विकणाऱ्या एका यार्डात गाडी बघताना मी स्क्रीनवर फोनबुक उघडलं, तर 'आई घरी', 'दूधवाले काका', 'पिंकी शाळा व्हॅन' असे नंबर एकाखाली एक. नेव्हिगेशनमध्ये 'होम' दाबलं की त्या कुटुंबाच्या दारापर्यंतचा रस्ता. यार्डात येणारा कोणीही अनोळखी माणूस हे बघू शकतो! गाडी विकणाऱ्यांना हात जोडून विनंती, चावी देण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन फॅक्टरी रीसेट करा.

घेणाऱ्यांचा धोका याच्या उलट आहे. जुन्या मालकाच्या फोनवरच्या कनेक्टेड कार अ‍ॅपमध्ये गाडी तशीच राहिली आणि सेवा चालू असली, तर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला घरबसल्या दिसतं, काही गाड्यांची दारंही उघडता येतात. आरसी नावावर करण्याचा आग्रह आपण धरतो, तेवढाच याचाही धरा. जुन्या मालकाला तुमच्यासमोर अ‍ॅपमधून गाडी काढायला लावा आणि उरलेले पैसे त्यानंतरच द्या.